काकू पद्धतीची आंघोळ

आमच्या काकूने आयुष्यात एकच शोध लावला, आणि तो तिच्याच अंगाशी आला.

काकू म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची. नोकरीच होती ती तिची. पुलापलीकडे एक बसकी, लांबलचक इमारत आहे. वय झालेली माणसं तिथे आपापल्या खोलीत राहतात. प्रत्येकाला स्वतःचं दार, आतून कडी, चहापुरता ओटा आणि पलंगाशेजारी मदतीसाठी ओढायची एक दोरी. ज्यांना आंघोळ, कपडे, उठणं-बसणं एकट्याने जमत नाही, त्यांच्याकडे मदतनीस बाया येऊन जातात. या जागेला वृद्धाश्रम म्हटलं की तिथली मंडळी भडकतात. "आश्रमात कडी बाहेरून असते," असं काकू सांगायची. तिने आश्रम पाहिला नव्हता, पण तिच्या बोलण्यात ठामपणा असायचा.

तर शोध असा. गॅसवर चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळायच्या आत माणूस आंघोळ होऊन, पुसून, बटणं लावून, भांग पाडून खुर्चीत बसलेला हवा. कपडे एका झटक्यात डोक्यावरून बाहेर, दुसऱ्या झटक्यात पाणी, आणि तोंडाने अखंड "झालंच, झालंच, झालंच." मध्ये प्रश्नही असायचे, पण उत्तरासकट. "पाणी गरम आहे ना? आहे. डोळ्यांत साबण गेला? नाही गेला." म्हाताऱ्यांनी तिचं नाव 'झालंच बाई' ठेवलं होतं. काकूला ते बिरुद वाटायचं.

तिच्या हातून कधी कोणी घसरलं नाही, कोणाला साधं खरचटलं नाही. तक्रारही कधी आली नाही. तक्रारीला तोंड लागतं, आणि तोंडावर त्या वेळी टॉवेल असायचा. नवी मदतनीस आली की तिला आधी काकूच्या हाताखाली धाडायचे. त्या प्रकाराला तिथे रीतसर 'काकू पद्धत' म्हणत. काकू निवृत्त झाली तेव्हा व्यवस्थापक बाईंनी भाषण केलं आणि तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं.

मग आयुष्यभर दुसऱ्यांना घसरू न देणारी काकू स्वतःच्या घरात, कोरड्या फरशीवर घसरली. खुबा मोडला. काका आधीच गेलेले, मूलबाळ नाही. आई म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे या राहायला."

"तुमच्या बाथरूमची कडी लागत नाही," काकू म्हणाली.

हे खरं होतं. बाबा ती कडी दुरुस्त करणार आहेत. मी शाळेत असल्यापासून करणार आहेत.

शेवटी काकूने पुलापलीकडेच खोली घेतली. ज्या दारांतून ती वाऱ्यासारखी आत शिरायची, त्यांतलंच एक आता तिचं झालं. घड्याळ भिंतीवर लागलं. आणि आंघोळीला तिच्या वाट्याला आली शिडी. शिडी म्हणजे काकूची शेवटची शिष्या. स्टुलाशिवाय दिवे बदलते म्हणून ते नाव.

पहिल्या सकाळी मी काकूचे कपडे घेऊन गेलो होतो. बाहेरच्या बाकावर बसलो. शिडीने दारावर ठक केलं. आतून "को—" एवढं ऐकू आलं, तोवर शिडी आत पोचलेली. मग पाण्याचा आवाज आणि "झालंच, झालंच." मी बुटांच्या नाड्या सोडवतोय तोवर दार उघडलं. काकू खुर्चीत बसलेली, भांग सरळ, चेहरा पडलेला.

"बरोबर केलं ना काकू? अगदी तुमच्यासारखं?" शिडीने विचारलं.

"अगदी," काकू म्हणाली. कडू गोळी गिळल्यावर म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवसापासून काकूला सर्दी झाली. सर्दी बरी झाली तेव्हा डोकं दुखायला लागलं. डोकं थांबलं तेव्हा ती म्हणाली, मुळात मला घामच आलेला नाही. शेवटी व्यवस्थापक बाई स्वतः आल्या.

"काकू, नियम तुम्हाला मी सांगायला नको. आंघोळ करू देत नसाल तर वरच्या मजल्यावर हलवावं लागेल. रविवारपर्यंत बघते."

वरच्या मजल्यावर अष्टौप्रहर माणूस असतं, आणि दारांना कड्या नसतात. वर हलवण्याचं हेच वाक्य काकूने आजवर कितीतरी जणांना ऐकवलं होतं, तेही टॉवेल झटकता झटकता.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "अगं, शिडीला सांग ना जरा हळू कर म्हणून."

"काय सांगू? माझीच पद्धत वाईट आहे म्हणून? मीच ती सगळ्यांना शिकवलीये."

"मग मॅनेजर बाईंना सांग."

"त्यांनी घड्याळ दिलंय."

आम्ही दोघांनी घड्याळाकडे पाहिलं. ते वेळ बरोबर दाखवत होतं.

"पण तुला खुपतंय काय नेमकं? स्वच्छ होतेस, पडत नाहीस."

काकूने घड्याळावरून नजर काढली. मग म्हणाली, "अरे, मी बोलत होते. वाक्य अर्ध्यावर होतं आणि हिने गाऊन वर ओढला. उरलेलं वाक्य मी गाऊनच्या आत बोलले."

"काय बोलत होतीस?"

"पाणी जरा कोमट कर म्हणत होते."

मी हसलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खोकलो.

रविवारी मी मुद्दाम सकाळीच गेलो. वाटलं, सामान वर न्यायला लागलं तर हात हवेत. ओट्यावर आधण ठेवलं तेवढ्यात ठक झालं आणि शिडी आत.

"काकू, आज तरी? मला बाई विचारतात हो."

काकू ताठ बसली. तिचा जुना, हाताखालच्या बायांसाठीचा आवाज लागला. "शिडे, तुला पद्धत मी अर्धीच शिकवली."

"अर्धी?"

"दुसरा भाग राहिला. अवघड आहे, म्हणून ठेवला होता. सगळ्यांना जमत नाही तो."

मी छताकडे बघू लागलो. छताला बघण्यासारखं काही नव्हतं.

"बाहेर जा आणि दार वाजव," काकू म्हणाली.

शिडी बाहेर गेली, ठक केलं, आत आली.

"मी 'ये' म्हटलं?"

"नाही."

"परत."

शिडी परत गेली, परत आली, पुन्हा परत गेली. नंतर एकदाची ती बाहेर नीट थांबली तेव्हा काकूने तिला जरा जास्तच उभी ठेवली. ते शिकवण्यासाठी होतं असं मला वाटत नाही. चेहऱ्यावरून तरी मजा चालली होती.

"ये. आता विचार."

"पाणी गरम आहे ना? आ—"

"थांब. 'आहे' तू म्हणायचं नाही."

"मग कोणी म्हणायचं?"

"मी."

शिडी विचारात पडली. "अवघड आहे हो, काकू."

"म्हटलं होतं ना."

मला बाहेर काढण्यात आलं. मी बाकावर बसलो, नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. आतून पाणी, मग शांतता, मग काकूचं एक सबंध वाक्य, मग पुन्हा पाणी. "काय म्हणालात?" असं शिडी दोनदा विचारताना ऐकू आलं. मग तीच ओरडली, "अहो, चहा बघा कोणीतरी!" मी धावलो. आधण आटून पातेलं तडतडत होतं. पण काकूला वर हलवावं लागलं नाही, ती कडीवाल्या दाराच्या आतच राहिली.

दुसरा भाग शिडीच्या डोक्यात गेला. आपल्याला अवघड विद्या मिळाली म्हणून ती इतर बायांकडे जरा वरून बघू लागली. उंचीने ती तशीही बघायचीच. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा ती उत्साहाने आत आली. आधी दार वाजवून, थांबून.

"काकू, समोरच्या मास्तरांवर केला दुसरा भाग!"

मास्तर म्हणजे पोहायला शिकवणारे. अर्धं गाव त्यांनी तलावात ढकललेलं. मागे त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून शब्द उशिरा निघतात. तुम्ही "कसे आहात?" म्हणून पुढे चालू लागता, व्हरांड्याच्या टोकाला पोचता, तेव्हा मागून "बरा" येतं. त्यांना रोज आंघोळ घालायची ती काकूच, निवृत्त होईपर्यंत.

"विचारलं, पाणी कसं हवं? आणि मी थांबले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, गार."

"गार?" काकूने कप खाली ठेवला.

"गार. दोनदा म्हणाले. अंगावर घेतलं तर हसले हो, काकू. मला भीतीच वाटली."

शिडी गेली. काकू घड्याळाकडे बघत म्हणाली, "मी त्यांना कायम कढत द्यायचे. हाडांना बरं म्हणून." मग वॉकर पुढे ओढला. "चल."

समोरच्या दारावर तिने टकटक केली. आतून काही नाही. मी दाराची मूठ फिरवायला हात पुढे केला, तर तिने त्यावर चापट मारली. आम्ही उभे राहिलो. एक बाई कपड्यांची गाडी घेऊन गेली, रिकामी करून परत आली.

"या," आतून आलं.

मास्तर खिडकीशी बसले होते. केस ओले.

"मास्तर," काकू म्हणाली, "गार पाणी आवडतं तर इतक्या वर्षांत सांगायचंत की हो मला!"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. उत्तर कुठून तरी खोलातून निघालेलं दिसत होतं. मध्ये एकदा काकूचे ओठ हलले, उत्तर तिच्याकडे तयार असणार. तिने ओठ घट्ट मिटले आणि वॉकर धरून उभी राहिली.

"सांगत होतो, बाई," मास्तर म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "रोज."

काकूने वॉकर त्यांच्याकडे वळवला. मला खुर्ची आण म्हणून खूण केली, मी आणली. ती त्यांच्यासमोर बसली, हात मांडीवर ठेवले.

"आणखी काय काय सांगत होतात?" तिने विचारलं, आणि थांबली.