रांगोळीतले ठिपके

माझी शाळा चौथीत सुटली. घाटावरून लग्न होऊन वेंगुर्ल्याला आले तेव्हा मासा कसा धरायचा हेही मला ठाऊक नव्हतं. ते सासूबाईंनी शिकवलं. पण पहिल्या वर्षी घरच्या आठवणीनं मला जेवण जाईना, तेव्हा सगळ्यांशी बोलून मला दोन महिने आईकडे धाडलं ते धाकट्या दिरानं. ते मी कधी विसरले नाही.

पुढे तो कॉलेजातून सुट्टीला आला आणि प्राणिशास्त्राची वही माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "वैनी, माका सगळां येता. पण चित्र काढूक बसलंय काय हात थरथरता. सगळीच पोरां कोणाकडून तरी काढून घेतत."

तो खोटं बोलत नव्हता. मुशीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, पोटातलं एकूण एक नाव त्याला पाठ होतं. पण सरांनी एकदा त्याची वही वर्गात उंच धरून पोरांना हसवलं होतं, तेव्हापासून त्याचा हात चालेना.

मी पुस्तकात बघून बेडूक काढला, मुशी काढली. आमच्याकडे रांगोळीच्या पाकळ्या बारीक ठिपक्यांनी भरतात, कडेला दाट, मध्ये विरळ. त्या आतड्यांनाही मी तशीच छटा दिली. सरांनी लाल शाईत इंग्रजी शेरा दिला. दिरानं तो वाचून दाखवला आणि खरं सांगते, मला कॉलेजात गेल्यासारखं वाटलं. तो आंघोळीला गेला की मी वही उघडून पुन्हा बघायची.

दिवाळीत शेजारच्या ख्रिश्चन घरातला त्याचा वर्गमित्र फराळाला आला. रांगोळीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिला.

"वैनी, ही तुमी काढलास?"

"होय."

"सरांनी माजी वही तीनदा परत केली. ह्याची दाखवतत नि म्हणतत, अशी काढ. सही नाय झाली तर परीक्षेक बसूक देवचे नाय." मग आवाज उतरवून म्हणाला, "माका शिकवशात? काढीन मीच."

दीर ओटीवर उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

"मला कुठलं येतंय रे," मी म्हटलं. "चौथीत शाळा सुटलेली बाई मी."

"चुकलंय मी, वैनी," तो मित्र म्हणाला आणि खाली मान घालून चकली खाऊ लागला.

शाळा सुटल्याची मला नेहमी लाज वाटायची. त्या दिवशी मी तिच्याच आड लपले.

पाडव्याला मी पाकळ्या नुसत्या रंगानं भरल्या. सासूबाई म्हणाल्या, "ठिपके खंय गेले गो?"

"घाई झाली," मी म्हटलं.

त्या मुलाच्या वहीवर पाचव्या खेपेला सही झाली, असं दिराकडून कळलं. चित्रं त्यानं स्वतःच काढली होती का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.