लाखेखालचा अंगठा

बांगड्या भरणारे हसनचाचा मणेरी कुठल्याही बाईचा हात चोळून मऊ केल्याशिवाय बांगडी उचलत नसत. खांद्यावर ओझं घेऊन ते बारामतीहून सांगवीला चालत यायचे आणि आमच्या ओसरीवर बसायचे. बाई सासरच्या गाऱ्हाण्यांत गुंतली की बांगडी कधी मनगटावर गेली, तिलाही कळायचं नाही. "हात ढिला सोड, पोरी. काचंशी भांडून कुनी जितलंय व्हय?" म्हणायचे. नवरीचा चुडा भरताना मात्र चाचा गप्प असत. तिथे एक बांगडी फुटली तरी बायकांची तोंडं उतरायची.

माझ्या लग्नाच्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगठ्याला काच लागली. एरवी हळद दाबली की अशी चीर मिटायची, ही मिटेना. त्यात लगीनसराई. चिंधी बांधलेल्या हाताने कोण नवरीचा चुडा भरून घेईल? चाचांनी चिरेवर लाख वितळवून बसवली आणि घासून गुळगुळीत केली. आत जखम ठसठसत राहिली.

त्याच हाताने त्यांनी माझा चुडा भरला.

"चाचा, हात किती तापलाय तुमचा!"

"उनातनं आलोय. गप बस, हलू नगं."

एकही बांगडी फुटली नाही. आई केवढी खूश झाली! त्या खुशीची मला अजून चीड येते.

सूज कोपरापर्यंत चढली तेव्हा कुठे बारामतीच्या डॉक्टरांनी ती लाख खरवडली. ते म्हणाले, "अंगात साखर जिरवणारा एक रस असतो, तो यांचा आटलाय. त्यामुळे जखम भरत नाही, सूजही हटत नाही." त्या रसाची सुई पुण्याला मिळत होती. चाचांना तिकडे नेलं, सुया दिल्या. पण हात सडला होता. मनगटापासून काढावा लागला.

डोहाळजेवणाला मी माहेरी आले, तेव्हा ओझं त्यांच्या बायकोच्या, रहिमाचाचीच्या खांद्यावर होतं. चाचा नुसते सोबत आले होते. माझी बोटं सुजलेली. चाचीच्या हातून बांगड्या तडकू लागल्या. मी वैतागून चाचांपुढे हात केला. "तुम्हीच भरा. डाव्या हाताने भरा."

आईने माझा हात मागे ओढला.

"तुझी आई बराबर हाय, पोरी," चाचा म्हणाले. "सवाशिणीला डावा हात लावू न्हाय." आणि ते उठून अंगणात गेले.

पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. मी भेटायला गेले तर रहिमाचाची एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होती, की मनगटाची जखम अगदी कोरडी, बरी झाली होती, त्या जखमेने काही ते गेले नाहीत.