टालमेजचं तळं

टालमेज काउंटीत दोन जातींची माणसं राहत, आणि दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. पश्चिमेच्या टेकाडावर कोर्ट, चर्च, तुरुंग आणि कोरड्या पायांची माणसं. पूर्वेला नदीपर्यंत नुसती दलदल, त्यात सायप्रसची झाडं आणि होड्यांवर संसार करणारी माणसं. टेकाडवाले त्यांना ‘बेडूकखाऊ’ म्हणत. झिल्फा मेब्री दलदलीतल्या एका तळ्यावर, अशाच एका घरहोडीत जन्मली. बापामागे मासे धरणं, कासवं पकडणं, पाणउंदरांची कातडी सुकवणं, सगळं तिनेच चालवलं. बाजाराला टेकाडावर गेली की बायका नाकाला पदर लावावा तसा रुमाल लावत. झिल्फा मुद्दाम त्यांच्या अंगावरून टोपली नेई.

तिची धाकटी बहीण लिओटा मऊ स्वभावाची. पहिल्या महायुद्धाच्या आधी टेकाडवाल्यांनी दलदल उपसून कापूस लावायचं ठरवलं आणि वाफेवर चालणारं एक अजस्र तरंगतं यंत्र कालवे खणत आत शिरलं. यंत्र चालवणारा होता हार्लन स्ट्राउड. लिओटाने त्याच्याशीच लग्न लावलं.

“आपल्या बापाचं तळं फोडणाऱ्याच्या गळ्यात पडलीस?” झिल्फा म्हणाली. “त्यापेक्षा मगरीशी लग्न केलं असतंस तर बरं झालं असतं.”

“इथे मगरी नाहीत, ताई.”

“आता एक आलाय.”

महिन्याभरात यंत्र तिच्या तळ्याच्या तोंडाशी आलं. झिल्फा होडीच्या टपावर बसली आणि बापाच्या बंदुकीने तिने बॉयलरवर गोळी झाडली. वाफेचा फवारा उडाला, हार्लनचा हात कोपरापर्यंत भाजला. शेरीफ पर्डीने तिला पकडून टेकाडावरच्या तुरुंगात टाकलं. सगळा हिवाळा तिने तिथे काढला. तुरुंगाधिकाऱ्याची बायको मिसेस पिकेट जेवण आणून देई, आणि झिल्फा रोज भाकरीला नावं ठेवी.

वसंतात सुटून ती घरी आली तेव्हा तळं नव्हतं. भेगाळलेल्या चिखलात होडी एका कुशीवर कलंडली होती. उरल्यासुरल्या डबक्यांत मासे तडफडत होते आणि टेकाडवाल्यांची डुकरं ते खात होती. झिल्फाने होडीखाली ओंडके सारले, ती सरळ केली आणि आत राहायला लागली.

ती जमीन दलदल उपसणाऱ्या कंपनीने हार्लनला दिली. त्याने दारापर्यंत नांगर आणला. कापसाच्या ओळींमध्ये होडी उभी, आणि टपावर पाय सोडून बसलेली झिल्फा नांगरणाऱ्याला शिव्या घालतेय, असं दृश्य बरीच वर्षं लोकांनी पाहिलं. नवीन आलेले मजूर हसत. एकाने विचारलं, “बाई, ही होडी जाते कुठे?”

“तुझ्या मयताला,” ती म्हणाली.

शेवटी हार्लनने कोर्टातून हुकूम आणला. शेरीफ खेचरांच्या चार जोड्या घेऊन आला. होडी ओढून टेकाडाच्या पायथ्याशी टाकायची होती. दोर बांधून झाले. झिल्फा आतून बाहेर आली, हातात फक्त चहाची किटली आणि बापाची बंदूक. तिच्यामागे दारातून धूर आला. तिने आत रॉकेल ओतलं होतं.

“घे,” ती हार्लनला म्हणाली. “ओढ आता.”

खेचरं वाचवायला सगळेजण दोर कापायला धावले. ती मात्र मागे न बघता टेकाडावर चालत गेली, ती थेट तुरुंगाच्या स्वयंपाकघरात. टेकाडावर तिच्या ओळखीचं घर तेवढंच. मिसेस पिकेटने विचारलं, “आता काय केलंस?”

“काही नाही. तुझी भाकरी कच्ची असते. सरक.”

तिथेच ती कैद्यांसाठी रांधत राहिली. एका दुपारी लिओटा आली. तोवर तिचेही केस पांढरे झाले होते. मागच्या दाराशी उभी राहून म्हणाली, “ताई, घरी चल. खोली रिकामी आहे.”

“घर? आमच्या तळ्याच्या छातीवर बांधलंयस त्याला घर म्हणतेस?”

 लिओटा एकदम कडाडली, “आमच्या म्हणू नकोस! तळं माझंही होतं. तू एकटीच रडलीस असं समजतेस? तुला ओरडायला तरी मिळालं. मला त्याच माणसाला रोज जेवायला वाढावं लागलं!”

 झिल्फाने दार लावून घेतलं. आत मिसेस पिकेटने पाहिलं, की ती चुलीसमोर रिकामी कढई हातात धरून उभी आहे.

बहिणी पुन्हा भेटल्या नाहीत. फुप्फुसाच्या तापाने झिल्फा गेली तेव्हा चर्चवाले तिला टेकाडाच्या दफनभूमीत कोपरा द्यायला तयार झाले. लिओटाने तो नाकारला. गाडी जुंपून तिने बहिणीला खाली आणलं आणि जिथे होडी जळली होती तिथे, कापसाच्या ऐन मधोमध, पुरलं.

“माझ्या शेतात?” हार्लन ओरडला. “मला भाजणारी बाई माझ्या शेतात?”

“वळसा घालून नांगर,” लिओटा म्हणाली.

आणि त्याने घातला. दर पेरणीला तिथे पोचला की तो खेचरांना, बायकोला आणि मेलेल्या मेव्हणीला मनसोक्त शिव्या देई. लिओटा ओसरीवर उभी राहून त्या ऐकत असे, पण तिची नजर फक्त नांगरावर असे, तो वळतो की नाही ते बघायला.