जावयाच्या छातीतला खड्डा

“खड्डा आहे गं, खड्डा! पोराच्या छातीत खड्डा आहे!”

आत्या केळीतून ओरडत सुटली होती. एक चप्पल पाटाच्या चिखलात राहिलेली, पदराला केळीचा चीक, आणि आवाज असा की राजोडीच्या होड्या वादळ आलं म्हणून किनाऱ्याला लागल्या असतील. मी चुलीपाशी नारळ खवत होते. तशीच हातात खोबऱ्याची कवड घेऊन धावले. कारण आत्या ज्या पोराबद्दल ओरडत होती त्याच्याशी माझा साखरपुडा झालेला होता, आणि ते पोर त्या घटकेला आमच्या विहिरीवर आंघोळ करत होतं.

ही अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमच्या वाडीवाल्यांत तेव्हा एक रीत होती. साखरपुडा झाला की होणाऱ्या जावयाला वाडीत जेवायला बोलवायचं, आणि जेवणाआधी घरातल्या पुरुषांबरोबर पंपाच्या धारेखाली आंघोळ घालायची. नाव पाहुणचाराचं, काम तपासणीचं. कोड आहे का, नायटा आहे का, पाठीवर कुणा दुसरीचं नाव गोंदलंय का, सगळं त्या धारेखाली उघडं पडायचं. बायका अर्थात तिकडे जायच्या नाहीत. त्या केळीआड उभ्या राहायच्या.

हा गास गावचा मुलगा, वसईतल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा. त्याने शर्ट काढला आणि बनियन अंगात ठेवून धारेखाली बसला. बाबांनी म्हटलं, “बनियन काढा की.” हा म्हणाला, “राहू द्या, धुतलं जाईल आपोआप.” केळीआड आत्याचे डोळे बारीक झाले. मग बनियन भिजलं, छातीला चिकटलं आणि मधोमध आत गेलं. आत्या पळत सुटली.

विहिरीवर आत्याला तो खड्डा वाटीएवढा दिसला होता. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याची तपेली झाली. ओटीवर काकाने ऐकलं तेव्हा त्यात पायली भात मावत होता. कुंपणापलीकडच्या शेजारणीला कळलं तेव्हा तर आत हात घातला की कोपरापर्यंत जातो आणि पाठीचा कणा लागतो, असं ठरलेलं होतं.

“क्षय आहे,” काका म्हणाला. “आतून खातो तो.”

“मुंबईला हाड काढून घेतलं असणार,” शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

“तुम्ही दोघं गप्प बसा,” आत्या म्हणाली. “मला विचारा. दबलेलं फळ आतून नासलेलं असतं.”

(आत्याचं बोलणं मी इथे जरा धुऊन-पुसून लिहिते आहे. आमची घरची बोली जशीच्या तशी लिहिली तर गावाबाहेरच्याला अर्धी कळायची नाही आणि उरलेली अर्धी छापता यायची नाही.)

आता यावर कुणी हसलं का? नाही. कारण आत्या म्हणजे आमच्या वाडीची सरकारी मोहोर. केळीच्या लोंगरावर, म्हणजे अख्ख्या घडावर, अंगठा फिरवून ती सांगायची, हा परवा पिकेल, हा लग्नाला पाठवा, हा टाकून द्या, देठाशी दबलाय. वरून पिवळंधमक दिसणारं केळं तिने टाकायला सांगितलं आणि सोललं, की आत काळं निघायचंच. फळात ती कधी चुकली नव्हती, म्हणून माणसातही चुकणार नाही असं आम्ही धरून चाललो. बाबांचा चेहरा उतरला. ते हळूच मला म्हणाले, “डॉक्टरला दाखवू. तो नाही म्हणाला तर साखरपुड्याची साडी परत करायची. तू मन घट्ट कर.”

मन घट्ट करायला ते आधी माझ्या ताब्यात हवं होतं. मला तो मुलगा आवडला होता. पण संशय असा की एकदा शिरला की मागचंसुद्धा सगळं उकरून काढतो. साखरपुड्याला पेढा खाताना तो खोकला होता. तेव्हा मी लाजले होते, आता मोजायला लागले. देवळाच्या पायऱ्या तो सावकाश चढला होता. तेव्हा वाटलं, माझ्यासाठी थांबतोय. आता वाटलं, दम लागला असणार. आणि त्याची आई! “मुलाची तब्येत?” असं बाबांनी विचारायच्या आतच “उत्तम, उत्तम” म्हणाली होती. इतक्या घाईने कोण सांगतं?

जेवायला बसलो. म्हणजे तो जेवत होता आणि बाकी सगळं घर त्याचा श्वास बघत होतं. शर्टाची बटणं वर गेली की काकाची मान वर, बटणं खाली आली की काकाची मान खाली. भूक कितपत आहे ते बघायला आत्या वाढतच सुटली. त्याने न कुरकुरता भाताचा एक डोंगर संपवला, दुसऱ्याला हात घातला. आत्याचा संशय आणखी वाढला. “इतकं खाऊन अंगाला लागत नाही म्हणजे जातं कुठे?”

शेवटी तिनेच विचारलं. “जावईबापू, छातीला काय झालंय?”

त्याचा घास हातात राहिला. “जन्मापासून आहे,” तो म्हणाला. “शाळेत पोरं मला आडवं पाडून त्यात चिंचोके टाकायची. म्हणून बनियन काढत नाही.”

मग बाबा खाकरून म्हणाले, “एकदा डॉक्टरला दाखवायचं का?”

“चला,” तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. एवढ्या पटकन? घाबरत नाही म्हणजे डॉक्टर ओळखीचा तर नाही ना, असं काका माझ्या कानात कुजबुजला.

टांग्यात बाबा, काका, आत्या, तो आणि मी. मला नको म्हणत होते. “लग्न माझं आहे,” म्हटलं आणि चढले. घोड्याने मागे वळून बघितलं आणि सुस्कारा टाकला, खोटं वाटत असेल तर काकाला विचारा.

डॉक्टर म्हातारे आणि तापट. त्यांनी त्याला शर्ट-बनियन काढायला लावलं. मी दाराशी उभी होते. इतक्या गाजावाजाचा तो खड्डा प्रत्यक्षात बशीइतकाच खोल होता. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, बाहेरचा जिना धावत वर-खाली करायला लावला, पुन्हा ऐकलं. “धडधड होते? चक्कर येते? काम करताना दम लागतो?” सगळ्याला तो नाही म्हणाला. तेवढ्यात आत्या पुढे झाली आणि तिने अंगठ्याने त्याची छाती दाबून बघितली. लोंगर बघतात तशी.

“अहो बाई!” डॉक्टर गरजले. “माणूस आहे तो!”

“आतून मऊ नाही लागत,” आत्या बाबांना म्हणाली, जणू डॉक्टर तिथे नव्हतेच.

मग डॉक्टरांनी आम्हाला भिंतीला लावून उभं केलं आणि शिकवणी घेतली. छातीच्या मधलं हाड टायसारखं असतं, म्हणाले. वर गाठ, खाली लांब पट्टी, शेवटी लहानसं टोक. बरगड्या त्याला थेट जोडलेल्या नसतात, मध्ये कूर्चा असते. कानाचा वरचा भाग दुमडून बघा, तशी लवचिक. काही मुलांत ही कूर्चा जास्त वाढते आणि हाडाला आत ढकलते. फार खोल गेलं तर हृदय दाबलं जातं, दम लागतो. याचं तसं नाही. हृदय जरासं डावीकडे सरकलंय, बस.

“सरकलंय!” आत्याने बाबांचा दंड धरला. “म्हणजे जागेवर नाही!”

“तुम्ही घरातलं कपाट कोपऱ्यात सरकवलंत तर घर पडतं का?”

“कपाट कुठलं त्यावर आहे,” आत्या म्हणाली.

इतक्यात काका ओरडला. शिकवणी चालू असताना तो शर्टात हात घालून स्वतःचं हाड चाचपत होता. “डॉक्टर, गाठ! मला गाठ आहे! इथे, खाली, पोटाच्या वर!” चेहरा पांढराफटक. “टणक आहे, हलत नाही. माझं आटपलं!”

“ते टोक आहे हाडाचं,” डॉक्टर म्हणाले. “सगळ्यांना असतं. तरुणपणी मऊ असतं, चाळिशीच्या पुढेमागे टणक होतं. तुम्हाला आज सापडलं.”

“मग मला एवढी वर्षं कुणी का नाही सांगितलं?” काका संशयाने म्हणाला. बाबांनी हळूच स्वतःचं टोक शोधलं. आत्याने पाठ फिरवून पदराआड शोधलं. मीही शोधलं. सापडल्यावर मला चक्क बरं वाटलं.

“लग्नाला हरकत?” बाबांनी विचारलं.

“मुलाकडून काही नाही,” डॉक्टर म्हणाले आणि आत्याकडे बघत राहिले.

बाहेर आलो. आत्या आता टांगेवाल्याला हाडाचं टोक शोधायला शिकवत होती. बाबा सुटल्यासारखे हसत होते. तो मात्र भिंतीकडे तोंड करून शर्टाची बटणं लावत होता. सकाळपासून आम्ही त्याला पारखत होतो. त्याने आम्हाला पारखलं असेल तर? केळीआडून बघणारी, ताटावर श्वास मोजणारी, अंगठ्याने दाबून बघणारी ही माणसं. साडी परत मागायचा हक्क त्यालाही होताच की.

मी जवळ गेले. आजवर त्याच्याशी सरळ एक वाक्य बोलले नव्हते.

“लग्नाची तारीख,” मी म्हटलं, “तीच ठेवायची ना?”

त्याने शेवटचं बटण लावलं.

“तीच ठेवा. माझी रजा मंजूर झालीय.”