होडीआधी तरंगलेला गाडा

"धरा! अवो, धरा त्याला! गाडा चालला तळ्यात!"

बायको काठावरून ओरडत होती. तिचा आवाज असा, की पलीकडच्या काठावर पाणी पिणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या आणि आपलंच काही चुकलं का म्हणून एकमेकींकडं बघितलं. मी छातीभर पाण्यात उभा होतो. माझ्यापुढं, मी स्वतः पंधरा दिवस खपून जोडलेला, चार गडी लागल्याशिवाय न हलणारा लोखंडी गाडा बदकासारखा डुलत निघाला होता. होडी काठावर ओढायला बनवलेला गाडाच होडी झाला होता. खरी होडी दूर पाण्यात उभी राहून त्याची मजा बघत होती.

दोर हातात येईपर्यंत मी जसा पोहलो, तशी मगरही पोहली नसती. गाडा धरून काठाला आलो तर माझे थोरले भाऊ, अण्णा, शांतपणे म्हणाले, "चांगला झालाय गाडा. शीड लावायचं का ह्याला?"

काठावरचा सगळा गाव हसला. मीही हसलो. पण त्या गाड्यावर बरंच काही अवलंबून होतं. ते काय, हे आधी सांगतो.

अण्णा तीस वर्षं समुद्रकाठी होड्या बांधायच्या कारखान्यात सुतार होते. वहिनी गेल्या, तेव्हा मी जाऊन त्यांना कळंबकडच्या आमच्या गावी घेऊन आलो. आले ते मुके होऊन आले. जेवताना मीठ हवं असलं तर बोट दाखवायचे. असे सात-आठ महिने. मग एक दिवस माझ्या गोठ्यामागं फळ्या येऊन पडल्या, रंधा चालू झाला आणि दिवाळीच्या आत तिथं शिडाची होडी उभी राहिली. आमच्या जिल्ह्यानं टँकर पुष्कळ बघितलेत. शीड कुणी बघितलं नव्हतं. ते शीडही मंडपवाल्याच्या जुन्या कापडाचं, लाल-पिवळ्या पट्ट्यांचं. पहिल्या दिवशी होडी गावच्या तळ्यात सुटली, तेव्हा लांबून वाटलं, कुणाचं तरी लग्न पाण्यावरून चाललंय. ईटपासून लोहाऱ्यापर्यंतची माणसं बघायला लोटली. कळंबचा बाजार त्या दिवशी ओस पडला. मी वाढवून सांगतो, असं बायको म्हणते. त्या गर्दीत तिनं चहाचं पातेलं मांडलं होतं, हे मात्र ती सांगत नाही.

आणि अण्णा बोलायला लागले. वारा, भरती, खलाशांच्या भानगडी, सगळं. रोज चार वाजता होडी घेऊन तळ्यात जायचे आणि परत आले की जेवणं होईस्तोवर त्यांचं तोंड बंद नसायचं.

पण आमचं तळं ते. उन्हाळा लागला, काठावरच्या मोटारी रात्रंदिवस पाणी ओढायला लागल्या आणि पाणी मागं मागं सरकलं. राहिला तो गाळ. आठ जणांनी होडी हातांनी काठावर ओढून बघितली; ती पाण्याबाहेर आली नाही आणि माझी एक चप्पल अजून तिथंच आहे. टणक तळ एकाच ठिकाणी होता, तळं व्हायच्या आधीची जुनी गाडीवाट, मुरमाची. ती अजून पाण्याखाली होती. होडी तरंगत त्या वाटेवर आणायची, खाली गाडा घालायचा आणि ट्रॅक्टरनं ओढायची, एवढंच जमण्यासारखं होतं. वाट उघडी पडली की होडी कायमची गाळात.

"गाळात बसली की उन्हानं फळ्या उकलत्यात," अण्णा जेवताना म्हणाले होते. "मग म्या हितं काय करू? जाईन परत. तिकडली खोली अजून हाय."

ताक वाढ म्हणावं तसं म्हणाले. मी मोठ्यानं हसलो. हात धुतला आणि त्याच रात्री गाड्याची मापं काढायला बसलो.

माझं वेल्डिंगचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या, गेट, खिडक्या. माझा टाका असा, की भूकंपात घर पडेल पण गेट उभं राहील. बोअरचे जुने पाइप घेतले, सांगाडा जोडला, आणि गाळात रुतू नये म्हणून ट्रॅक्टरची जुनी मागची टायरं लावली, माणसाच्या छातीएवढी उंच. पाइपांत पाणी शिरून गंजू नयेत म्हणून सगळी टोकं पत्र्यानं बंद केली. मुंगी आत जाणार नाही, असं अण्णांना छाती फुगवून सांगितलं. मुंगी गेली नाही. वाराही बाहेर आला नाही. म्हणून तर गाडा तरंगला.

दुसऱ्या दिवशी त्यावर दगड रचले. दगड घसरून तळ्यात गेले, गाडा वर. गावातली आठ पोरं वर बसवली. गाडा त्यांना घेऊन फिरायला निघाला. पोरं उतरायला तयार होईनात. इकडं पाणी वीतभर उतरलं होतं. अण्णा काठावर बसून जुन्या वाटेकडं बघत होते.

शेवटी बायको पदर खोचून पुढं आली. "नांगरटीला ट्रॅक्टर उसळाया लागला की टायरात पाणी कोण भरतंय?"

"मी."

"मग ह्या टायरांनी काय उपास धरलाय?"

मी ओल्या कपड्यांनिशीच घराकडं पळालो.

मी फवारणीचा पंप आणला, टायरांतली हवा सोडली आणि पाणी भरत बसलो. एकेक टायर म्हशीहून जास्त पाणी प्यालं. तेवढ्यानं भागेना. पाइप अजून उचलत होते. मग ड्रिल आणलं आणि माझ्याच टाक्याशेजारी, माझ्याच हातानं, भोकं पाडली. पहिलं भोक पाडताना मी मान फिरवली होती. बायको म्हणाली, "रडताव काय?" मी म्हणालो, "लोखंडाचा कीस गेला डोळ्यात."

तिसऱ्या दिवशी गाडा पाण्यात ढकलला. पाइपांतून बुडबुडे आले, गाडा एकदा कण्हला आणि मुरमावर जाऊन बसला. अण्णा लगेच होडीकडं पोहत गेले. बांबूनं रेटत आणली असती तरी चाललं असतं. पण चार वाजले होते, वारा सुटला होता, आणि ह्या माणसानं शीड चढवलं. लाल-पिवळं शीड फुगवून होडी सरळ जुन्या वाटेवर आली. गाड्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला एक गडी, असे पाण्यात हात वर धरून उभे होतो, गाड्याच्या दोन खुणा. त्या हातांच्या मधून त्यांनी होडी अशी घातली, की माझ्या कोपरालाही लागली नाही. सुई ओवल्यासारखी.

"वढ!" अण्णा ओरडले. त्यांचा असा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता.

ट्रॅक्टरवर बायको होती. चाकं एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, मग धरली. गाडा वर यायला लागला. मी पाडलेल्या प्रत्येक भोकातून कारंजं उडत होतं आणि त्या कारंज्यांवर होडी, शिडासकट, तळ्याबाहेर आली. लिंबाच्या सावलीत उभी केली तेव्हा शिट्ट्या थांबेनात.

गर्दी पांगल्यावर अण्णा चाकाजवळ उकिडवे बसले. मी शेजारी बसलो. शेवटी विचारलं, "अण्णा, मग तिकडल्या खोलीचं काय?"

त्यांनी चाकाच्या मधल्या तुंब्यावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेऊन वास घेतला.

"बेअरिंगात पाणी गेलंय," ते म्हणाले. "ग्रीस आण."