राणी छाप रुपयाची खोड

मी कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. मशीनवरून आलेले पार्ट दिवसभर तपासायचे आणि ओके किंवा रिजेक्ट म्हणायचं, एवढंच काम. ही सवय काही ड्युटी सुटताना गेटवर ठेवून येता येत नाही. वांगीसुद्धा मी देठापासून तपासून घेतो. बायको म्हणते, "मला बघायला आलात तेव्हा भिंग घरी विसरला होतात, म्हणून तर लग्न ठरलं." असल्या माणसाला जुनी नाणी जमवायचा नाद लागला, तर घरच्यांचे काय हाल होत असतील ते सांगायला नको.

शिरूरच्या आठवडी बाजारात एक आप्पा घोंगडी अंथरून जुनी भांडी, घंटा आणि नाणी विकायला बसतात. ते भेटले नसते तर जे चकाकतं ते चांगलं, असंच मी आजही समजत राहिलो असतो. आप्पांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. मेंढरू विकताना मालकानं आधी त्याची खोड स्वतःच्या तोंडानं सांगायची आणि मगच भाव बोलायचा, ही त्यांच्या वडिलांची शिस्त. पुढे मेंढरं गेली, शेती आली, पण ती शिस्त आप्पांनी नाण्यांना लावली. घेताना असो की विकताना, नाण्यात काय वाईट आहे ते समोरच्याच्या तोंडावर सांगितल्याशिवाय ते भावाचं नाव काढत नाहीत. पहिल्याच भेटीत मी इंग्रजांच्या वेळचा, चांदीचा एक लखलखीत राणी छाप रुपया उचलला, तर तो माझ्या हातातून काढून घेत म्हणाले, "ह्यो गळ्यात व्हता. वर कडी व्हती, ती तोडून कानस मारलीय. नख फिरवून बघा." मी काठावरून नख फिरवलं. बारीक रेघा एका जागी गुळगुळीत झाल्या होत्या. मी मायक्रॉन मोजणारा माणूस, आणि ते मला दिसलं नव्हतं.

तेव्हापासून दर बाजारी मी त्यांच्या घोंगडीशेजारी बसायला लागलो. नाणं भर दुपारी बघायचं नाही, सकाळच्या तिरप्या उजेडात बघायचं. आधी राणीच्या कानावरचे केस बघायचे, कारण हाताळून झिजायला सुरुवात तिथून होते. काठाला ठेच लागलेली असेल तर ती जुनी की नवी हे रंगावरून ओळखायचं. जुनी ठेच आतूनही काळी असते. आणि चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळेपणा हा मळ नाही, ते नाण्याचं कातडं. "कातडं सोललेलं जनावर कुणी घेतं व्हय?" असं ते विचारत. हे सगळं भिंगाशिवाय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी. मला त्यांचा हेवा वाटतो आणि तो मी कधी लपवलेला नाही.

माझ्या संग्रहात एका सालाचा रुपया नव्हता. चार वर्षं शोधत होतो. तो मागच्या हिवाळ्यात यवतला एका मावशींकडे सापडला, पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या घडीत. मावशींना सुना दोन आणि रुपया एक, म्हणून विकून दोघींना सारखं देऊन टाकायचं होतं. रुपया जांभळट काळा, राणीचा केस न् केस शाबूत. फक्त काठाला एक बारीक ठेच. मावशींनी सांगितलेला भावही रास्त होता. दुसरा कुणी असता तर पैसे देऊन मोकळा झाला असता. मी ती ठेच अर्धा तास उलटसुलट करून बघितली आणि म्हणालो, "पुढच्या सुट्टीला एक जाणकार घेऊन येतो. त्यांनी बघितलं की नेतो."

आठवड्यानं आप्पांना घेऊन निघालो. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुला, तिथून यवत. आप्पांची पंचाहत्तरी उलटलेली, त्यांना एसटीत तिकीट नाही. माझ्या हातातल्या तिकिटाकडे बघून ते वाटभर खूश होते.

मावशींनी पोहे केले होते. पोह्यांच्या ताटल्यांशेजारी पांढरा रुमाल आणि त्यावर रुपया. तो नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखा लखलखत होता.

"जाणकार मानूस येनार, त्याच्यापुढं काळा रुपया कसा ठिवायचा?" मावशी म्हणाल्या. "चिंच लावली, राख लावली, दोघी सुनांनी मिळून घासला. निगाला का न्हाई चांगला?"

आमच्याकडे सण आला की देवाची भांडी अशीच घासतात, पाहुणा येणार म्हटलं तरी घासतात. त्यांच्या हिशेबानं त्यांनी आमचा मानच केला होता. पण चार वर्षं शोधलेलं काळं कातडं मोरीतून वाहून गेलं होतं.

मी आप्पांकडे बघितलं. आता ते नेहमीसारखी खोड सांगणार, मावशींचं तोंड उतरणार आणि भाव चार आण्यावर येणार. मावशी पदराला हात पुसत उभ्या होत्या. सुना दारातून बघत होत्या.

आप्पांनी रुपया उचलला आणि मला खुणेनं अंगणात, उजेडाला नेलं. रुपया तिरका धरला, काठावरून नख फिरवलं. मग हळूच विचारलं, "गेल्या टायमाला ह्याला निस्ती ही ठेच व्हती?"

"हो."

"आन् तेवढ्यासाठी तुम्ही ठिवून आला."

आत येऊन ते मावशींना म्हणाले, "आक्का, लई मायेनं घासलाय. राणीचं क्यास जागच्या जागी हायेत. गेल्या टायमाला भाव काय बोलला व्हता?"

मावशींनी सांगितला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी फोन काढला, पण मावशींना दोघींना वाटायला नोटाच हव्या होत्या, तेव्हा हायवेवरच्या एटीएमपर्यंत चालत गेलो. परत आलो तर आप्पा दुसरी ताटली पोहे खात होते आणि धाकटी सून त्यांना वरून खोबरं घालत होती.

परतीच्या बसमध्ये मी बराच वेळ घुश्शात होतो. खिशातल्या रुपयाला हात लावावासा वाटत नव्हता. न्हावऱ्याच्या अलीकडे मला राहवेना.

"आप्पा, आज तुम्ही शिस्त मोडली. खोड न सांगताच भाव काढला."

आप्पा खिडकीतून उसाकडे बघत होते.

"सांगितली की," ते म्हणाले. "अंगणात. ज्याची व्हती त्याला."