पोरांची पंगत

काल गावच्या यात्रेत काहिलीतल्या गव्हाच्या खिरीचा वास आला आणि लहानपणची कोडोली डोळ्यांपुढं आली. पहिली पंगत पोरांची. देवळाच्या पायरीपासून पार विहिरीपर्यंत आम्ही मांडीला मांडी लावून बसलेलो. म्हातारी माणसं सगळी एका लिंबाखाली मावलेली. वाढून दमलेली आत्या म्हणाली, "ही पोरं काय सरंनात की."

पुढं मी शाळेत भूगोल शिकवला. देशाच्या लोकसंख्येचा मनोरा फळ्यावर काढायचे, खाली पोरांचा रुंद पाया, वर म्हाताऱ्यांचं निमुळतं टोक.

काल लिंबाखाली पोरं मावली होती. विहिरीपर्यंतची रांग पांढऱ्या केसांची. "आज्जी, जरा सरका की," वाढपी म्हणाला. सरकताना मी एकेक चेहरा निरखला आणि थक्क झाले. सगळे तेव्हाचेच. आमची पोरांची पंगत अजून उठलीच नव्हती.